पातं अडकतंय, पण नक्की कुठे? किट विमानाच्या कंट्रोल सरफेसमधले दोष शोधताना

सुटे भाग मागवून घरीच बांधायचं ते किट विमान. देवगडला आमच्या आंब्याच्या शेडमध्ये त्याचा एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारं शेपटीवरचं पातं) पहिल्यांदा जोडला, तेव्हा स्टिक (वैमानिकाच्या हातातला दांडा) अर्ध्यावर आली की जड व्हायची. मधल्या हिंजवर (बिजागरीवर) बोट ठेवलं तर करकर तिथूनच येतेय असं वाटलं. कानस काढली आणि ब्रॅकेटचं भोक जरा मोठं केलं. स्टिक तशीच जड. दोन दिवसांनी पुशरॉड (स्टिकची हालचाल पात्याकडे नेणारी नळी) सोडवला तेव्हा कळलं, की तो शेपटीकडच्या एका फ्रेमच्या भोकाला घासतोय आणि त्याची करकर पत्र्यातून थेट हिंजपर्यंत पोचतेय. ब्रॅकेट वाया गेलं. नवं परदेशातून यायला दीड महिना, वर कस्टमचे पैसे वेगळे.

तेव्हापासून एक नियम पाळतो. कारण सापडेपर्यंत कानस पेटीत. आधी सोडवायचं, मग बघायचं. हातापासून पात्यापर्यंत एक साखळी असते: स्टिक, पुशरॉड किंवा केबल, बेलक्रँक (हालचालीची दिशा वळवणारी तरफ), हॉर्न (पात्याला जोडलेला आखूड दांडा), हिंज आणि शेवटी पातं, म्हणजेच कंट्रोल सरफेस: पंखांवरचे एलेरॉन, शेपटीवरचा एलिव्हेटर आणि नाक डावी-उजवीकडे वळवणारा रडर. दुखतं एका कडीला, दोष असतो दुसऱ्या कडीत. खाली जे लिहिलंय ते रिवेटच्या, अॅल्युमिनियमच्या दोन आसनी विमानाला धरून आहे. कापड चढवलेल्या किंवा फायबरच्या किटला तपशील बदलतील, क्रम तोच. अंश, वजन, टॉर्क (नट आवळायचा जोर) यांत तुमच्या किटचं मॅन्युअल एक म्हणत असेल आणि मी दुसरं, तर मॅन्युअलचं ऐका.

आधी टेबल

पातं पिळलेलं आहे का, हा पहिला प्रश्न. पिळलेलं पातं हिंजवर लोण्यासारखं फिरेल, पण हवेत विमान कायम एका बाजूला ओढेल आणि तुम्ही जन्मभर ट्रिम (विमान हात न लावता सरळ राहावं म्हणून करायची बारीक जुळवणी) फिरवत बसाल.

माझा डावा एलिव्हेटर टोकाला तीन मिलिमीटर पिळला होता. रिवेट बघितले, रिब (पात्याच्या आतल्या फासळ्या) बघितल्या, सगळं नकाशाप्रमाणे. शेजारचे होड्या बांधणारे सुतारकाका येऊन खाली वाकले आणि म्हणाले, "आदी टेबलाचे पाय बघ, मगे इमानाक हात लाव." शेडच्या त्या कोपऱ्यात जमीन सारवलेली. पावसाळ्यात ओल धरून टेबलाचा एक पाय खचला होता. वाकड्या टेबलावर मी सरळ पातं कसं बांधणार? आता पायांखाली चिरे आहेत आणि प्रत्येक मोठ्या रिवेटकामाआधी गवंड्याच्या लेव्हल पाइपने चारही कोपरे तपासतो. स्वस्तातली पारदर्शक नळी आणि पाणी. टेबलासाठी याहून महागडं साधन लागत नाही. नळीत बुडबुडा राहू देऊ नका, एवढंच.

पिळ बघायची रीत अशी. पातं हिंजच्या रेषेवर दोन व्ही-ब्लॉकमध्ये ठेवा. मुळाशी आणि टोकाशी एकेक सरळ लाकडी पट्टी कॉर्डच्या दिशेने (पुढून मागच्या धारेकडे) ठेवून एका पट्टीवरून दुसरीकडे एक डोळा मिटून बघा. दोन्ही कडा समांतर दिसायला हव्यात. डिजिटल अँगल मीटर असेल तर दोन्ही पट्ट्यांवर ठेवून आकडे ताडून घ्या. मागची धार सरळ आहे का हे बघायला घराच्या पायाला लावतात ती लाइनदोरी ताणून धरा. पुढेमागे लाट असेल ती लगेच दिसते.

पिळ निघाला तर हाताने उलटा पिळून "सरळ" करू नका. पत्रा तेवढ्यापुरता ऐकतो आणि उन्हात ठेवला की पुन्हा मूळ पदावर येतो. एका बाजूच्या स्किनचे (बाहेरच्या पत्र्याचे) रिवेट ड्रिलने काढा, पातं सपाट टेबलावर वजनं ठेवून बसवा, क्लेको (पत्रे तात्पुरते धरून ठेवणारे स्प्रिंगचे चाप) लावा, पुन्हा मोजा आणि मगच रिवेट मारा. ३/३२ इंची रिवेट काढायला ४० नंबरचं ड्रिल, १/८ ला ३० नंबरचं. डोक्याच्या मधोमध खूण, डोक्यापुरतंच ड्रिल, मग पिन पंचने डोकं मोडून दांडा बाहेर. ड्रिल थेट पत्र्यात गेलं तर भोक अंडाकृती होतं आणि मग पुढच्या मापाचा रिवेट लागतो. नवा रिवेट बसल्यावर मागचं डोकं दांड्याच्या व्यासाच्या दीडपट रुंद आणि निम्मं उंच हवं. ३/३२ ला साधारण ३.६ आणि १.२ मिलिमीटर.

हिंज

आता पातं विमानाला लावा, पण पुशरॉड किंवा केबल जोडू नका. बोटाने उचला आणि सोडा. ते स्वतःच्या वजनाने सबंध फिरीत कुठेही न थांबता जायला हवं. थांबलं, तर कारण सहसा या तिघांपैकी एक.

पहिलं, हिंज एका रेषेत नाहीत. मधला बोल्ट काढून घ्या. पातं मोकळं झालं तर दोष रेषेत आहे. टोकाच्या दोन हिंजच्या भोकांतून मासेमारीचा बारीक नायलॉन दोरा ताणून बांधा, मधलं भोक त्याला किती सोडून आहे ते दिसेल. रॉड एंड (आत फिरता गोळा असलेली आट्यांची बेअरिंगं) असतील तर आत-बाहेर फिरवून जुळवता येतात. १/४-२८ आट्यांचा रॉड एंड एका पूर्ण फेऱ्याला ०.९ मिलिमीटर सरकतो, अर्ध्या फेऱ्याला त्याच्या निम्मा. बाहेर काढताना मात्र आतल्या आट्यांचा हिशेब ठेवा: व्यासाच्या किमान दीडपट लांबी आत राहायलाच हवी. जिथे तपासणीचं बारीक भोक असतं, तिथे तार घालून बघा. तार आरपार गेली तर रॉड एंड फार बाहेर आलाय.

दुसरं कारण मला जास्त वेळा भेटलंय. बोल्ट ढिला असताना पातं मोकळं, नट आवळला की जड. म्हणजे ब्रॅकेटचे दोन कान आणि रॉड एंड यांच्यामध्ये फट राहिलीय आणि नट ते कान आत ओढतोय. वायसर कमी पडलेत. पातळ आणि जाड वायसर मिसळून ती फट बरोबर भरा. नट हाताने टेकवल्यावर कान हलता कामा नये. त्यानंतरच टॉर्क: एएन३ (३/१६ इंची विमानाचा) बोल्टला साध्या नटवर २० ते २५ इंच-पाउंड, एएन४ (१/४ इंची) ला ५० ते ७०. पातळ शिअर नटला हे आकडे चालत नाहीत, तिथे कमी लागतं. गावातल्या गॅरेजचा मोठा टॉर्क पाना इथे निरुपयोगी आहे, त्याची सुरुवातच या आकड्यांच्या वर होते.

तिसरं कारण पियानो हिंजचं. लांब पिन आणि शंभरभर डोळे. त्यातला एखादा डोळा रिवेट मारताना चेपतो. एक फालतू पिन घेऊन तिचं टोक जरा धारदार करा, ड्रिलमध्ये धरून हळू फिरवत आरपार न्या. खरी पिन त्यानंतर, आणि ती सरकून बाहेर येणार नाही अशी बांधून.

नट कुठला लावायचा यावर लोक गोंधळतात. रॉड एंडमध्ये बोल्ट आतला गोळा घट्ट धरतो आणि बेअरिंग फिरतं. बोल्ट स्वतः फिरत नाही, म्हणून सेल्फ-लॉकिंग नट चालतो. जिथे बोल्टच फिरू शकतो, अशा क्लेव्हिसच्या (दुबेळक्याच्या) जोडात कॅसल नट (खाचांचा नट) आणि त्या खाचांतून जाणारी कॉटर पिनच. शिवाय रॉड एंडच्या उघड्या बाजूला गोळ्यापेक्षा मोठा वायसर हवा. उद्या गोळा झिजून निसटला तरी वायसरमुळे पातं जागेवर राहील.

पुशरॉड, केबल आणि दुपारचे दोन

हिंजवर मोकळं असलेलं पातं जोडल्यावर जड झालं, तर साखळीत स्टिककडच्या बाजूने एकेक जोड सोडवत या. पुशरॉड जिथे फ्रेममधून जातो त्या प्रत्येक भोकाला आत कागदी पट्टी गुंडाळा, कोणाला तरी स्टिक सबंध फिरवायला सांगा, मग पट्टी काढून बघा. जिथे चुरगळली किंवा काळी पडली तिथे घासतंय. मी एलिव्हेटरच्या वेळी एवढं केलं असतं तर ब्रॅकेट वाचलं असतं. बेलक्रँक बरोबर आहे का हेही बघा. आरशातल्या प्रतिमेसारखे डावे-उजवे दिसतात आणि उलटे बसवले तरी बोल्ट मुकाट आत जातो.

केबलचं वेगळं. माझा रडर सकाळी सैल वाटायचा आणि दुपारी ताठ. पुतण्या म्हणाला, "काका, पुली बदला." पुलीत काही नव्हतं. अॅल्युमिनियम तापमानाने स्टीलच्या जवळपास दुप्पट प्रसरतं. पाच मीटरच्या केबलमागे २० अंशांच्या फरकाला साधारण १.१ मिलिमीटर तफावत पडते: पत्र्याचं धड लांब होतं, केबल मागे राहते, ताण वाढतो. सकाळी २५ अंश आणि दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये ४५, म्हणजे बरोबर २० अंश. म्हणून केबलचा ताण टेन्सिओमीटरने आणि मॅन्युअलच्या तापमानाच्या तक्त्याप्रमाणे, पहाटे किंवा रात्री, जेव्हा केबल आणि धड दोन्ही एकाच तापमानाला असतात तेव्हा लावा. भर दुपारी बरोबर लावलेला ताण पहाटे ढिला होतो.

टर्नबकल (केबलचा ताण कमी-जास्त करायचा आट्यांचा जोड) फिरवल्यावर दोन्ही टोकांना तीनपेक्षा जास्त आटे बाहेर दिसू नयेत. मग सेफ्टी वायर. फेअरलीडने (केबलला वाट देणाऱ्या कड्याने) केबल तीन अंशांपेक्षा जास्त वळवायची नाही. पातं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेऊन केबलचा कुठलाही जोड पुलीच्या पाच सेंटिमीटरच्या आत येत नाही ना, हे बघा. केबलवरून सुती फडकं ओढा. जिथे धागा अडकतो तिथे तार तुटलेली आहे आणि ती केबल गेली. आपल्याकडे ट्रॉलरवर वायररोपला यू-क्लॅम्प मारायची सवय असते. हात शिवशिवले तरी तो इथे नको. तांब्याची स्लीव्ह, तिचं दाबयंत्र आणि दाबल्यावर गो-नो-गो गेज (स्लीव्ह पुरती दाबली गेली का हे दाखवणारं माप), दुसरी वाट नाही.

उलटं तर नाही?

कुठलंही काम करून पुन्हा जोडलंत की पहिली तपासणी ही. स्टिकवर हात ठेवा, अंगठा सरळ वर. स्टिक डावीकडे नेली की अंगठा डावीकडे झुकतो. ज्या बाजूला अंगठा, त्या बाजूचा एलेरॉन वर जायला हवा. स्टिक मागे ओढली की एलिव्हेटर वर. उजवा पेडल, रडर उजवीकडे. केबल, बेलक्रँक किंवा ट्रिमच्या मोटरच्या दोन वायरी उलट्या जोडणं सोपं आहे, आणि स्वतः बांधलेल्या माणसाला ते दिसत नाही, कारण त्याला "हलतंय" याचंच कौतुक असतं. तपासायला दुसरा माणूस ठेवा, त्याला नियम तोंडपाठ सांगायला लावा.

ट्रिम टॅब (एलिव्हेटरच्या मागच्या धारेवरचं छोटं पातं) इथे फसवतो. नाक वर न्यायचं ट्रिम लावलं की साधा टॅब खाली जातो. तो एलिव्हेटरला वर ढकलतो, म्हणून. पहिल्यांदा बघणारा हमखास वायरी बदलून "दुरुस्त" करतो. किटमध्ये अँटी-सर्व्हो टॅब असेल तर त्याची चाल वेगळी. ती मॅन्युअलमध्ये वाचा.

फिरी आणि स्टॉप

पात्याने अंश पुरे गाठायला हवेत आणि शेवटी ते स्टॉपवर थांबायला हवं, फ्रेमवर, पत्र्यावर किंवा तुमच्या गुडघ्यावर नाही. अँगल मीटर नसेल तर फूटपट्टी पुरते: हिंजपासून मागच्या धारेपर्यंत ३०० मिलिमीटर असेल, तर २० अंशांना धार सरळ रेषेत मोजून साधारण १०४ मिलिमीटर हलते.

एकेक पातं वेगळं तपासून भागत नाही. स्टिक पूर्ण मागे आणि पूर्ण डावीकडे, मग उजवीकडे, मग पुढे. पुन्हा हेच फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेचे खाली झुकणारे भाग) खाली सोडून. पुन्हा हेच सीटवर बसून, पट्टे आवळून. रिकाम्या सीटवर स्टिक सुरेख मागे येते. मी बसलो तेव्हा ती माझ्या पोटाला लागली. आमच्या घरी आंबा सीझनला आमरस सुटत नाही, त्यामुळे शेवटी स्टिकचा वरचा भाग कापला.

पुढे एक चाचणी करा, हिला वेळ लागत नाही. एकाने एलेरॉन हाताने धरून ठेवायचा, दुसऱ्याने स्टिक बेताने दाबायची. स्टिक किती हलते? थोडा लवचिकपणा सगळ्यात असतो, पण कुठे ब्रॅकेट वाकतंय, कुठे रिब फुगतेय हे तेव्हाच दिसतं. मग दाब काढून मागच्या धारेला धरून हलवा. जो मोकळा प्ले सापडेल तो झिजलेल्या रॉड एंडचा की मोठ्या भोकाचा, हे जोडावर बोट ठेवून शोधा. ट्रिम टॅबमधला प्ले सर्वांत आधी काढा. टॅब छोटा असला तरी फडफड सुरू करायला पुरतो.

एलिव्हेटरच्या दोन अर्ध्यांचे वेल्ड केलेले हॉर्न एकमेकांशी जुळत नाहीत, ही तक्रार इतकी सर्रास आहे की घाबरू नका. दोन्ही अर्धे मागच्या धारेने एका रेषेत आणून घट्ट बांधा, आणि त्या स्थितीत पुशरॉडचं भोक एका हॉर्नमधून दुसऱ्यात पाडा. हॉर्न दिसायला वाकडे राहिले तरी पाती सरळ राहतात.

रंगानंतरचं वजन

मास बॅलन्सकडे (पात्याच्या वजनाचा हिंजच्या पुढे-मागे समतोल) हौशी माणूस सर्वांत कमी लक्ष देतो. कारण साधं आहे. पंख झटका खाऊन वर गेला की मागे जड असलेला एलेरॉन जागीच मागे राहतो, म्हणजे खाली झुकतो, त्याने उचल आणखी वाढते, पंख आणखी वर जातो. परत येताना उलटं. काही सेकंदांत पंख तुटेपर्यंत हे वाढू शकतं. याला फ्लटर म्हणतात.

म्हणून बॅलन्स रंग झाल्यावर, सगळे बोल्ट, टॅब, टॅबची मोटर जागेवर असताना तपासा. पातं हिंजच्या रेषेवर, घर्षण नसलेल्या सुऱ्यांवर ठेवा, दार-खिडक्या लावून. संध्याकाळचा समुद्राकडचा वारा शेडमध्ये आला तर आकडा खोटा. गणित सोपं: हिंजच्या मागे १५० मिलिमीटरवर १०० ग्रॅम रंग चढला, तर पुढे ५० मिलिमीटर अंतरावर ३०० ग्रॅम शिसं. अंतर एक तृतीयांश, म्हणून वजन तिप्पट. पुटी भरून रंग गुळगुळीत करायच्या हौसेला इथे चाप लावा.

इथे कोकणाचा एक खास त्रास. पात्यांना पाणी निघून जायला खालच्या बाजूला बारीक भोकं असतात. कुंभारीण माशी ती चिखलाने लिंपते. एका जुलैत माझ्या एलिव्हेटरमध्ये पाव लिटरच्या आसपास पाणी साठलं होतं आणि बॅलन्स पार बिघडला होता. पातं उचलून हलवा, खळखळ ऐका, तारेने भोकं मोकळी करा. पितो ट्यूबलाही (हवेतला वेग मोजणाऱ्या नळीलाही) टोपी घाला. ती जागा तिला फार आवडते.

खारा वारा, जांभ्याची धूळ, आंब्याचा पेंढा

आमच्या शेडमध्ये मार्च ते मे पेट्या असतात आणि पंख पडवीत टांगलेले. खाली भाताचा पेंढा, त्यातली ओल आणि धूळ वर. जांभ्याची लाल माती ग्रीसमध्ये मिसळली की घासकामाची पेस्टच तयार होते. म्हणून टेफ्लॉनच्या रॉड एंडला आणि नायलॉनच्या बुशला तेल-ग्रीस नको, कोरडं फडकं पुरे. ज्या बेअरिंगना मॅन्युअल ग्रीस सांगतं त्यांनाच, आणि बाहेर आलेलं पुसून.

धातूंच्या जोडीकडे बघा. स्टीलचं ब्रॅकेट अॅल्युमिनियमच्या स्पारला (आतल्या मुख्य तुळईला) लागतं, मध्ये खारट ओल, की अॅल्युमिनियम पांढरं होऊन फुगतं. दोन्ही पृष्ठभागांवर इपॉक्सी प्रायमर, सुकल्यावरच जोड. प्रायमर आगोटीच्या आधी, कोरड्या सकाळी. जूनमध्ये मारलेला माझा एक कोट दुसऱ्या दिवशी दुधाळ दिसत होता, तो सगळा काढावा लागला. अॅल्युमिनियमवर शिसपेन्सिलने खूण करू नका, ग्राफाइटच्या रेषेवर खरवड सुरू होते; मार्कर वापरा. गंज घासायला स्टील वूलही नको, त्याचे कण रुतून बसतात आणि स्वतःच गंजतात.

प्रत्येक दोष, काढलेला रिवेट, बदललेला वायसर तारखेनिशी वहीत आणि फोटोत हवा. डीजीसीएशी (नागरी विमान वाहतुकीचं सरकारी खातं) बोलणं किट मागवण्याआधी सुरू करा, आणि घाई धरू नका: कांदिवलीत गच्चीवर स्वतःच्या आराखड्याचं विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव यांनी ते २०१६ च्या मेक इन इंडिया सप्ताहात मांडलं, नोंदणी २०१७ मध्ये मिळाली आणि उड्डाणाचा परवाना २०१९ मध्ये. तपासणीला येणारा माणूस विमानाइतकीच वही बघतो.

उडाल्यावर एक पंख जड

परवाना हातात आला आणि टेस्ट पायलटने उतरून "डावा पंख जड आहे" म्हटलं, तर लगेच एलेरॉनला हात लावू नका. आधी दोन्ही टाक्यांमधलं इंधन सारखं होतं का? कोण कुठे बसलं होतं? फ्लॅप दोन्ही पूर्ण वर बसतात का? रडरचा बॉल (विमान बाजूला घसरतंय का हे दाखवणारी नळीतली गोळी) मध्यभागी होता का? मग हिंज ब्रॅकेटची उंची दोन्ही बाजूंना सारखी आहे का ते मोजा, कारण एलेरॉन पंखाच्या पृष्ठभागापेक्षा मिलिमीटरभर वर-खाली बसला तरी हवेत कळतं. हे सगळं निर्दोष निघालं तर काही धातूच्या किटमध्ये हलक्या बाजूच्या एलेरॉनची मागची धार लाकडाच्या दोन पट्ट्यांमध्ये धरून हलकेच चेपतात. तुमच्या मॅन्युअलमध्ये ही रीत असेल तरच करा. एका वेळी हाताने दाबून जेवढं होईल तेवढंच, मग पुन्हा उड्डाण, पुन्हा नोंद. जास्त चेपलेली धार पूर्वीसारखी फुगवणं फार किचकट जातं.